सकाळचं भांडण

"रघ्या, हा डोला हाय का वालाची शेंग?"

शिवा म्हात्रेनं हा प्रश्न आपल्या गणपतीच्या कारखान्याच्या दारातूनच आत फेकला. आत पाटावर बसलेल्या रघूनं मान वर न करता तो झेलला.

"शेंगच हाय. तुझ्या डोक्यात किडे, तुना शेंगच दिसायची."

"माझ्या डोक्यात किडे? अरे, तुझ्या हाताला बुरशी आलीय, बुरशी! बघ ह्याच्याकडं. एक डोला पेनला चाललाय, एक रोह्याला!"

"मग ये, तूच बस हिथं. उभ्या जन्मात ब्रश धरलास का कधी?"

"मी धरला असता तर तुना कामाला कोन ठेवला असता, भिकमागड्या?"

पेणजवळच्या जोहे गावातल्या त्या आळीत सकाळी घड्याळ बघायची गरज नसे. दूधवाला गेला की शाळेची रिक्षा, आणि शाळेची रिक्षा गेली की शिवा-रघूचं भांडण. समोरच्या ओटीवर तांदूळ निवडणारी म्हातारी सूप थांबवून ऐकायची, आणि भांडण रंगलं नाही तर दिवसभर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

शिवाची मुलगी भाविका पायरीवर चपला घालत होती. ती पेणच्या कॉलेजात ग्रंथालयात कामाला. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि डब्याशेजारी कायम एक पुस्तक. आतून येणारा एकेक शब्द तिच्या मानेवर मुंगी चढावी तसा चढत होता. लहानपणापासून हे ऐकत आली होती, तरी सवय अशी झालीच नव्हती. अख्खा गाव रघूला अरे-तुरे करायचा. ती एकटी 'रघूकाका, तुम्ही' म्हणायची. बापाच्या तोंडची भरपाई आपण करावी, असं काहीसं तिच्या मनात असावं.

शिवा बाहेर आला. कपाळावर घाम, बनियनला सफेद्याचे शिंतोडे, आणि चेहऱ्यावर नुकतंच लग्नघरातून जेवून आलेल्या माणसाचं समाधान.

"आबा, पूर्वीच्या लोकांनी माणसांच्या प्रकृती ठरवल्या होत्या," भाविका शांतपणे म्हणाली. "वात, पित्त, कफ. तुमची पित्ताची आहे."

"आन रघ्याची?"

"त्यांचीही पित्ताचीच."

"एका कारखान्यात दोन पित्तं! मंग भट्टी पेटंल नायतर काय?" शिवा खूश झाला. "आन तुझी गो?"

"कफाची. थंड, संथ."

"कफ? मंग एकदा खोकून टाक की! मोकली होशील!"

आणि आपल्याच विनोदावर तो एवढ्या मोठ्यानं हसला, की आतून रघू ओरडला, "कामं करू द्या लोकांना!" भाविका ओठ मिटून हसली, 'येते' म्हणाली, आणि एसटीच्या थांब्याकडे निघाली.

त्या दुपारी शिवा जेवून पडवीत आडवा झाला. चहा घेऊन पुतळी, त्याची बायको, हाक मारायला आली, तेव्हा तो उठला नाही. हयातभर आरडाओरडा केलेला माणूस जाताना कूससुद्धा न बदलता गेला.

*

भाविका रडली नाही. आल्या-गेल्याला पाणी, आईच्या जवळ कोणी बसायचं, पाहुण्यांना जिते स्टेशनवरून कोणी आणायचं, भटजींना काय लागतं, हे सगळं तिनं नीट पाहिलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. "शिकलेली हाय, आतल्या आत रडत असंल," एक म्हणाली. "आतल्या आत म्हंजे कुठं?" दुसरीनं विचारलं.

सुतकात घरच्यांनी मूर्तींना हात लावायचा नव्हता. पण साचे थांबून चालत नाहीत. ज्येष्ठ सरत आला होता, श्रावणात गणपती रंगून फळीवर हवेत. म्हणून कारखाना कामगारांनीच चालवला. रंभा घासकाम करी, प्रणित कंप्रेसरनं रंग मारी, आणि डोळ्यांची आखणी रघूची. डोळे हा कारखान्याचा जीव. बाकी सगळं कोणीही शिकेल, पण पापणीची रेघ एका दमात, श्वास रोखून ओढणारा हात एकच होता.

तेरावं झालं. भाविकानं कॉलेजातून रजा काढली आणि कारखान्यात उभी राहिली. शिवानं बसायची जागा अशी कधी केलीच नव्हती, म्हणून तीही उभीच राही. तिनं मनाशी ठरवलं होतं की इथून पुढं कोणाचा अपमान व्हायचा नाही. सगळ्यांशी एका सुरात, एका मायेनं बोलायचं.

"रंभावहिनी, हे घासून झालं की जरा ते बघाल का? प्रणित, तुम्हाला काही हवं असेल तर सांगा. रघूकाका, तुमच्या सवडीनं."

पहिले काही दिवस सगळ्यांना बरं वाटलं. मग रंभाचा हात मंदावला. ती पॉलिश पेपर घेऊन उंदराची एकच शेपटी घासत बसे.

"तुमची तब्येत बरी नाही का, वहिनी?"

"तब्येतीला काय झालंय? पन शिवाभाऊ येताजाता म्हनायचा, रंभे, तुझा नवरा तुझ्यापेक्षा बरा घासतो. मना मंग राग यायचा आन हात चालायचा. तू म्हनतेस, छान झालंय. छान झालंय तर मंग आजून कशाला घासू?"

प्रणितचं वेगळंच. तो मुखदुर्बळ पोरगा. शिवा त्याच्याकडे दिवसभर ढुंकूनही बघायचा नाही, जाताना पाठीवर एक थाप मारायचा, बस्स. भाविका मात्र न्यायानं वागायची. रंभाची चौकशी केली की प्रणितचीही करायची. ती जवळ आली की त्याचा नेम चुके, आणि पितांबराचा पिवळा सोंडेवर जाई.

आणि रघू? त्याच्याबद्दल भाविकाला खात्री होती, की आता तरी तो सुखी असेल. सकाळच्या शिव्या गेल्या, शांतता आली. तो वेळेवर येई, पाटावर बसे, झिरो नंबरचा बारीक ब्रश ओला करी आणि मान खाली घालून डोळे आखत राही. फळीवर एकामागून एक गणपती डोळे उघडत होते. भाविका रोज बघे, आणि रोज तिला वाटे, काहीतरी बिघडलंय. पण काय, ते कळेना. रेघ तर सरळ होती.

*

काय बिघडलंय ते प्रविणनं सांगितलं. तो रोह्याचा स्टॉलवाला. दरवर्षी टेम्पोभर गणपती जोह्याहून नेई. श्रावणाच्या तोंडावर माल बघायला आला, दारात छत्री झटकली, फळीसमोर उभा राहिला, आणि एकेका गणपतीसमोर वाकत गेला.

"ताई, हे कोणाच्या मयताला चाललेत?"

"म्हणजे?"

"बघा तुम्हीच."

भाविकानं पाहिलं, आणि या वेळी तिला दिसलं. सगळेच्या सगळे. पापणी खाली, नजर मोदकावरून घसरून जमिनीवर. कुठल्यातरी नातेवाइकाच्या ओटीवर सांत्वनाला येऊन बसावं, चहा नको म्हणावं आणि उठायचं कसं हे सुचू नये, तसे ते ओळीनं बसले होते. एकानं तर असे ओठ मुडपलेत असं वाटत होतं, की आता हुंदका देणार. ओठ तर साच्यातलेच होते. ते रडू डोळ्यांनी खाली उतरवलं होतं.

रंभाला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला.

"गिऱ्हाईक दीड दिवस घरी नेणार," प्रविण म्हणाला. "ह्याला बघून त्यांची पोरं आरती म्हणतील, का ह्याचं सांत्वन करतील? ताई, शिवाभाऊंचं दुःख मलापण आहे. पण मी हे नाही नेऊ शकत. पंधरवड्यात डोळे बदलून द्या. नाहीतर मला हमरापूरच्या कारखान्यांत बघावं लागेल."

रघूनं हे सगळं ऐकलं.  ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, बाजूला ठेवला आणि बिडी ओढायला मागच्या दारी गेला. बाहेर पाऊस होता. बिडी पेटेना, तरी तो काड्या ओढत राहिला.

प्रविणचा माल गेला, की हंगाम गेला. आणि एकदा गिऱ्हाईक हमरापूरच्या वाटेला लागलं, की पुढच्या वर्षी कारखान्याचं दार उघडायचं कोणासाठी? भाविकानं ते मनातल्या मनात पुरतं ओळखलं, आणि नेहमीसारखं मनातच ठेवलं.

*

"तुना वाटतं रघू तापट हाय?" पुतळी चुलीजवळ बोंबील भाजत होती. "तो मूलचा रडवा गो. लग्नात बायको रडली नाय, ह्यो रडला. सकाली उठला की त्याच्या छातीवर धोंडा असतो. हात गार, बोटं आकडल्याली. तुझ्या आबानं हे पयल्याच सालात हेरलं. रोज सकाली जाऊन त्याला तापवायचा. भांडला की रघूचं रगत चढायचं, मंग हात हसायचा."

"म्हणजे आबांना राग येत नव्हता?"

"राग? त्या मानसाला? उंदीर मारायला सांगितला तर दार उघडून बाहेर सोडायचा. रातच्याला पडल्या पडल्या मना इचारायचा, पुतले, उद्या रघ्याला काय बोलू? जुन्या शिव्या आता लागत नाय."

भाविकाला आपलं वात-पित्त-कफ आठवलं. किती पुस्तकांतून माणसांचे स्वभाव वाचले, त्यांना खण पाडले, आणि आपल्याच घरातली दोन माणसं चुकीच्या खणात घालून ठेवली होती. तिला वाईट वाटायला हवं होतं. उलट, आबा अंधारात पडून नवी शिवी शोधतायत हे डोळ्यांसमोर येऊन तिला हसू आलं.

"मग आता?"

"मंग काय, तू भांड."

"मी?"

"मी भांडले तर तो रडंल. मना तो वहिनी मानतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाविका तयारीनं कारखान्यात शिरली. रात्री दोन-तीन वाक्यं घोकून ठेवली होती. रघूसमोर उभी राहिली, घसा खाकरला.

"रघूकाका, तुम्ही हा जो डोळा आखलाय ना... तो मला वाटतं... जरा सदोष आहे."

कंप्रेसर बंद झाला. रंभानं मान वर केली. "सदोष म्हंजे काय गो?"

"म्हणजे... त्यात दोष आहे."

रघूनं गणपतीकडे बघितलं, मग भाविकाकडे. त्याचे डोळे भरून आले. "बरोबर हाय, बाय. दोष हाय. त्याच्यात काय, माझ्यातच हाय."

"नाही, नाही, तसं नव्हतं म्हणायचं! तुम्ही फार सुंदर..."

"सुंदर कुठलं? प्रविण बोलला ते काय खोटं?"

"माफ करा, काका."

"तू कशाला माफी मागते? मीच मागतो."

दोघंही एकमेकांची माफी मागत राहिले. रंभा हसून हसून पॉलिश पेपरवर आडवी झाली. त्या दिवशी रघूनं आखलेला गणपती आधीच्या सगळ्यांहून दुःखी झाला. प्रणितनं गुपचूप त्याचे डोळे सफेद्यानं पुसले आणि तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

*

दोन दिवसांनी रघू आला तो पाटावर बसलाच नाही. त्यानं आपले ब्रश एकेक करून टॉवेलात गुंडाळले. पाऊस तिरका येत होता, पत्र्यावर ताशा वाजवल्यासारखा. भाविका पडवीत उभी होती.

"हमरापुरातून फोन व्हता," रघू तिच्याकडे न बघता म्हणाला. "जातो तिथं. हिथं आता माझा हात चालत नाय. तुझं गिऱ्हाईक पन जायचं माझ्यापायी."

भाविकाला 'जाऊ नका' म्हणायचं होतं.  आणि तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"बरं. तुमची इच्छा. नीट जा. छत्री आहे ना?"

रघू पायरीवरच थांबला. चप्पल अर्धी पायात.

"छत्री?"

"पाऊस आहे म्हणून..."

"छत्री इचारते!" रघू कोणाला तरी साक्षीला ठेवल्यासारखा पावसाला म्हणाला. "हिच्या बारशाच्या पाळण्यावर मी मोर रंगवला. आज मी चाललो तर ही इचारते, छत्री हाय का! शिवा असता तर चप्पल फेकून मारली असती मना!"

त्यानं छत्री उघडली आणि अंगणात उतरला. चिखलातून चार पावलं गेला असेल नसेल.

पुढचं कसं झालं ते भाविकाला नंतर नीट आठवलं नाही. तिची उजव्या पायातली चप्पल हवेतून गेली आणि रघूच्या छत्रीवर फाडकन आपटली. छत्री उलटी झाली. समोरच्या ओटीवरच्या म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"कुठं चाललास रं?"

हा आवाज कोणाचा, म्हणून भाविकानंच क्षणभर आजूबाजूला पाहिलं. तिचाच होता.

"कुठं चाललास? इथं गणपती रडत बसलेत रांगेनं, त्यांचे डोळे कोण पुसणार, तुझा बाप?"

रघू वळला. उलट्या छत्रीतून पाणी त्याच्या मानेवर ओघळत होतं. "माझ्या बापाला मधी आनू नको!"

"आणीन! तुझ्या बापाला आणीन, आज्याला आणीन! रडतोस सकाळी उठून, आणि रडका हात घेऊन देवाच्या डोळ्याला लावतोस! लाज नाही?"

"मना लाज शिकवते? परवा म्हनत व्हतीस सदोष! सदोष! ही काय शिवी हाय? शिवाची पोरगी तू, आन शिवी देताना पुस्तक वाचते!"

"मग घे! वालाची शेंग! सडकी शेंग! बिनपाण्याचा हापसा!"

"आं? काय म्हनलीस?"

"हापसा! दांडा मारल्याबिगर एक थेंब गळत नाही! आबानं जन्मभर दांडा मारला म्हणून पाणी यायचं!"

प्रणित दारात आला होता. रंभा त्याच्या खांद्यावरून मान काढून, "हापसा बरा व्हता गो, हापसा बरा व्हता!" असं ओरडत होती. पुतळी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती आणि पदरानं तोंड झाकून हसत होती, का दुसरंच काही करत होती, ते पदरामुळं कळत नव्हतं.

रघू चिखल तुडवत परत पडवीत आला. छत्री फेकली. चेहरा लाल, मानेच्या शिरा तट्ट. "मी हापसा, तर तू कोन? तू फ्रीज! दार उघडलं तर दिवा लागतो, पन आत सगलं गारढोन! बाप गेला, टिपूस काढलं नाय!"

"मी टिपूस काढलं असतं तर तुम्हाला चहा कोणी दिला असता?"

"आमी चहा मागितला व्हता?"

"मागितला होता! दोनदा! साखर जास्त!"

साखरेचं खरं होतं. आणि खरं होतं म्हणून रघू आणखीनच पेटला. तरातरा आत गेला, टॉवेल सोडला, पाटावर बसला. "दे तो हिकडं! तोंड भिंतीला करून ठेवल्याला! कोनी ठेवला तसा? देवाला शिक्षा करतात काय रं?"

प्रणितनं गणपती उचलून आणला. त्याचे डोळे सफेद्यानं पुसले होतेच. कोरा चेहरा पाटासमोरून रघूकडे बघू लागला, म्हणजे बघायची वाट बघू लागला. रघूनं उजवं मनगट डाव्या मुठीवर टेकवलं. त्याच्या हातातून वाफ यावी असं भाविकाला वाटलं. ती समोर मांडी घालून बसली. एका पायात अजून चप्पल होती, ती रंभानं हळूच काढून बाहेर टाकली.

"थांबू नको," रघू दातांतून म्हणाला. "बोल."

"हमरापूरला जातोय म्हणे! तिथं कोण विचारतो तुला? तिथं तुझ्या बिडीच्या वासानं उंदीर पळतील, मातीचेसुद्धा!"

रघूनं श्वास रोखला. ब्रश गेला, वळला, उचलला. वरची पापणी. मग बुबुळ. मग त्यात तो एक पांढरा ठिपका. ब्रश बाजूला झाला, तेव्हा रंभा वाकून बघत म्हणाली, "आगो बाय!"

गणपतीला एकच डोळा होता अजून, पण तो डोळा हसत होता. कोणाचं तरी भांडण चोरून ऐकावं आणि ऐकल्याचं कळू देऊ नये, तसा.

पुतळीनं चहा आणून ठेवला. कोणी हात लावला नाही. रघूनं ब्रश पुन्हा बुडवला.

"दुसरा डोला ऱ्हायलाय. हात तापलाय तवर बोलून घे. बोल."

भाविकानं तोंड उघडलं. शिव्या संपल्या होत्या. तिनं आत शोधलं, हापसा झाला, शेंग झाली, बिडी झाली. खाली काही सापडेना.

"मना आबाचं भांडान नको, तुझं पायजे," रघू म्हणाला. आवाज खाली आला होता, पण हात तसाच धरलेला होता, ब्रशच्या टोकाला काळा थेंब थरथरत. "शिवीच पायजे असं नाय. काय असंल ते काढ. पन जोरात. माझा हात गार व्हतोय गो."

कंप्रेसर बंद होता. पाऊस पत्र्यावर होता. पुतळी कपात साखर ढवळायची थांबली. भाविकाचा श्वास वर वर येत गेला, आणि ती ओरडली, समोरच्या ओटीपर्यंत, त्याच्याही पलीकडे एसटीच्या थांब्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं, जी बोली ती शाळेत गेल्यापासून कधी बोलली नव्हती त्या बोलीत:

"मना आबा पायजे!"